सहीची ओळ

पायाळू मूल डोकं वर ठेवून बसतं. ह्या घरात तेवढ्यानंसुद्धा पोट फाडायची वेळ येते.

*

छापखान्यात वेलांटी चुकली तर जुळवलेला फर्मा मशीनवर परत चढवतात. अर्थ चुकला तर ती गिऱ्हाइकाची जबाबदारी.

*

दुधाच्या भुकटीचा डबा आत्याबाईंनी टॉवेलात गुंडाळून आणला, चोरीचा माल आणावा तसा. आणि ठेवला मात्र टेबलाच्या मधोमध, स्पर्धेत जिंकलेल्या ढालीसारखा.

*

मशीनचं वजन दीड टन. उचलणारा: कुणी नाही.

*

ताकदीचं औषध. लालभडक, जेवणानंतर दोन चमचे. बाटली संपली की दुसरी.

*

“कळेलच की तिला,” असं ह्या कुटुंबात एखाद्या गोष्टीबद्दल म्हटलं गेलं, की ती गोष्ट तिला सांगितली जाणार नाही असं समजावं.

रुग्णाचे नाव

सकाळी अकराला दवाखान्याच्या खोली नंबर तीनमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, आणि मुख्य म्हणजे ह्या घराण्याला ओळखत नव्हत्या. त्यामुळे खोलीत पाच माणसं असूनही त्या सरळ पलंगावरच्या बाईशी बोलायला लागल्या. छापखान्याच्या मालकांना ते खटकलं. मालकांना डावलून त्यांच्या सुनेशी बोलणं म्हणजे दुकानाच्या गल्ल्याला सोडून वजनकाट्याला भाव विचारण्यासारखं होतं.

“पाणी शेवटचं कधी प्यायलात?”

“सहाला.”

“मागच्या वेळी भुलीचा काही त्रास?”

“उलट्या झाल्या होत्या. मुलगी आता चार वर्षांची आहे.”

“ह्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊ. कमरेखाली बधिर. तुम्ही जाग्याच असाल, बाळ रडलेलं ऐकू येईल.” बाईंनी फळीवरचा कागद सरळ केला. “आज आपण काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं मला.”

“सिझेरियन. पायाळू आहे, आणि आधीचंही सिझेरियनच होतं, म्हणून.”

“आणि?”

“आणि काय?”

बाईंनी कागद वाचला. मग पलंगाकडे पाहिलं. मग परत कागद वाचला, ह्या वेळी मोठ्यानं: “सिझेरियन व कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया.”

“कुणाची?” तिनं विचारलं.

पाच माणसांच्या खोलीत ह्या प्रश्नाचं उत्तर चौघांना माहीत होतं. मालक खाकरले. त्यांची बहीण, म्हणजे आत्याबाई, दुधाच्या डब्यावरचं लेबल वाचू लागल्या. सासूबाई लंगोट घडी करत होत्या, त्यांनी घडी मोडून परत घातली. आणि तिच्या नवऱ्याला, ज्याला कामगार छोटे मालक म्हणतात आणि बाकी जग काहीच म्हणत नाही, एकाएकी खिडकीच्या कडीत विलक्षण रस वाटू लागला.

तिला घरात तपासनीस म्हणतात. लग्नानंतर पाचव्या महिन्यात, मालकांनी स्वतः पास केलेल्या पानात तिनं चौदा चुका काढल्या, तेव्हापासून. मालकांनी ते नाव शिवी म्हणून दिलं. ती ते हुद्दा म्हणून वापरते. सात वर्षं छापखान्याची प्रूफं तीच वाचते.

“अहो डॉक्टर,” मालक म्हणाले, “ते सगळं ठरलंय. मोठ्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. फॉर्म भरलाय, सह्या झाल्यात.”

“ह्यांच्याशी बोलणं झालंय का?”

“घरातल्यांशी झालंय.”

“ह्या घरातल्या नाहीत?”

आत्याबाईंना राहवेना. “घरातलीच आहे हो, पण तिची अवस्था बघताय ना? नऊ महिने भरलेल्या बाईच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा? पोट उघडलेलंच आहे, तर दुसरं कामही उरकून घ्यायचं.”

“पोट अजून उघडलेलं नाही,” तपासनीस म्हणाली.

रुग्णाशी नाते

छोट्या मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. ती फार मोठी नाही.

नऊ दिवसांपूर्वी दुपारी, मशीनचे रोलर धुऊन ते हात पुसत होते, तेव्हा वडिलांनी कागद पुढे केला. “कर इथं सही.” त्यांनी केली. वडिलांनी पुढे केलेल्या कागदावर सही करणं हे त्यांचं वयाच्या अठराव्या वर्षापासूनचं काम होतं आणि त्यात त्यांचा हात चांगला बसला होता. सही केल्यावर वाचलं. मग वाटलं, हिला सांगायला हवं. सोमवारी सांगू म्हणाले. सोमवारी तिचे पाय सुजले होते. बुधवारी सांगायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. शुक्रवारी ती खूश होती, आणि खूश माणसाला कशाला. अशा प्रकारे हा गृहस्थ रोज बायकोच्या भल्याचा विचार करत करत नऊ दिवस गप्प राहिला.

“तुला माहीत होतं?” तिनं आता विचारलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची. आज विसरली.

“म्हणजे... बाबा म्हणाले की...”

“बाबा काय म्हणाले ते नाही विचारलं.”

“होतं.”

“किती दिवस?”

“मोजले नाहीत मी.”

“तारीख असेल ना सहीखाली. द्या हो डॉक्टर, वाचते मी. नऊ दिवस. नऊ दिवस शेजारी झोपतोयस.”

“तुझ्याच जिवाला धोका आहे म्हणून—”

“मग तुझं का नाही करायचं? तुझ्या ऑपरेशनला तर दहा मिनिटं लागतात म्हणे. घरी चालत येतो माणूस.”

खोलीतले चेहरे असे झाले, जणू तिनं पलंगावरून अचकटविचकट गाणं म्हटलं.

“अगं बाई,” आत्याबाई म्हणाल्या, “त्याला मशीन उचलावं लागतं!”

“मशीन दीड टनाचं आहे, आत्याबाई. ते तो उचलत नाही. त्याच्याजवळ उभा राहतो.”

भूल देणाऱ्या बाई खोकल्या. तो खोकला नव्हता.

साक्षीदार

तिनं फॉर्म हातात घेतला तो रागानं. वाचायला लागली ती सवयीनं. मधल्या ओळींतून तिची नजर अशी सरकली जशी कारकुनाची फायलीतून सरकते: ‘नवजात बालकास आवश्यक वाटतील ते उपचार, वरचे दूध, तपासण्या करण्यास आमची हरकत नाही.’ आमची. तिनं डब्याकडे पाहिलं. ‘शस्त्रक्रियेदरम्यान डॉक्टरांना योग्य वाटेल ती अन्य प्रक्रिया.’ अन्य. मग ती खाली आली, जिथे सह्या होत्या. पतीची सही. वडीलधाऱ्या नातेवाइकांची सही. साक्षीदाराची सही: आत्याबाईंची, वळणदार, फुलं काढल्यासारखी.

“माझी सही कुठे करायची?” तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या. “इथे खाली असेल...”

नव्हती. पाठकोऱ्या कागदाची मागची बाजूही त्यांनी बघितली. ती कोरीच होती.

“मी इथे नवीन आहे,” त्या म्हणाल्या. “पहिलाच आठवडा. ही जागाच नाहीये की काय?”

तपासनीसचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती फॉर्मच्या अगदी खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. दवाखान्याचे फॉर्म ह्यांच्याच छापखान्यात निघतात, आणि तिथे मुंगीएवढ्या टायपात जॉब नंबर असतो आणि त्यापुढे प्रूफ तपासणाऱ्याची खूण. मालकांची खूण गोल. छोट्या मालकांची खूण चौकोन, ती फारशी कुठे सापडत नाही. ह्या फॉर्मवर फुली होती.

फुली तिची.

हा फॉर्म तिनं वाचला होता. सात वर्षांत चार वेळा, प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी. जुनी प्रत डावीकडे, नवं प्रूफ उजवीकडे, अक्षराला अक्षर लावून. ‘शस्त्रक्रिये’ची वेलांटी बघितली होती, टिंबं मोजली होती, एकदा तर समासाच्या अर्ध्या मिलिमीटरवरून डीटीपीवाल्याला झापलं होतं. आणि शेवटी रुबाबात फुली मारली होती: जुन्या प्रतीबरहुकूम. बिनचूक.

छापखान्यातली माणसं जगात सगळ्यात जास्त वाचतात आणि सगळ्यात कमी वाचतात, हे तिला तिथे, उघड्या पाठीचा झगा घालून, पहिल्यांदा कळलं. चौदा चुका काढणाऱ्या बाईला पंधरावी सापडली होती, आणि ती तिनं स्वतः पास केली होती.

“मालक,” ती म्हणाली, “ह्या फॉर्मची पहिली प्रत कुणी जुळवली?”

मजकूर एका पानात बसवणे

आता मालकांच्या डोक्यात काय चाललं होतं? अभिमान. सांगून पटणार नाही, पण अभिमानच.

पस्तीस वर्षांपूर्वी. तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे होते, हातानं जुळवायचे. मोठे डॉक्टर तेव्हा नुसते डॉक्टर होते, दवाखाना नवा होता, आणि फॉर्मचा मजकूर पानाबाहेर दोन ओळी जात होता. दोन ओळींसाठी दुसरं पान लावायचं ही मालकांच्या लेखी कारागिराची नामुष्की. काय काढायचं? दवाखान्याच्या नावाखाली ‘प्रशस्त व हवेशीर प्रतीक्षालय’ अशी ओळ होती. ती डॉक्टरांची लाडकी. सगळ्यात खाली होतं ‘रुग्णाची सही व तारीख’. तेवढी ओळ आणि तिच्यावरची मोकळी जागा. मालकांनी चिमट्यानं खिळे उचलले आणि पेटीत परत टाकले. डॉक्टरांनी प्रूफ पाहिलं आणि म्हणाले, “चालेल. बाई कळांत असते, ती कुठे सही करणार?”

“मीच जुळवला,” मालक म्हणाले. “एका पानात. कुणाला जमत नव्हतं.”

“आणि माझी ओळ?”

“तुझी कसली? तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस.”

तिनं कागदाच्या माथ्यावरच्या प्रतीक्षालयाच्या ओळीवर बोट ठेवलं. “वाट बघायची खोली ठेवलीत. बाई काढलीत.”

“हे बघ तपासनीस,” मालकांनी ठेवणीतला आवाज काढला, ज्यानं कामगार गप्प होतात, “शब्दाचा कीस पाडू नकोस. तुला तिसरं मूल हवंय का? हो की नाही, एवढंच सांग. हवं असेल तर बोल, आत्ता फाडून टाकतो कागद.”

“ते नाही सांगणार.”

“म्हणजे नकोय!”

“म्हणजे सांगणार नाही.”

“बघा!” मालक सगळ्यांकडे वळले. “हवं नाही, नको नाही. नुसता हट्ट. एका फर्म्यात दोन कामं निघत असताना कुणी मशीन दोनदा लावतं का?”

“मी फर्मा नाही.”

“आमच्या वेळी कुणी विचारत होतं का?” आत्याबाईंनी भावाची बाजू सावरली. “आम्हाला काही झालं? आता ह्या वहिनीलाच विचारा. विचारलं होतं का गं तुला कुणी?”

सासूबाईंच्या हातात लंगोट होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, डब्याला टेकून.

“नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“झालं तर मग!”

“नव्हतं विचारलं,” त्या परत म्हणाल्या, आणि मालकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे बहुधा तीन-चारदाच पाहिलं असेल; एरवी त्याच्या ताटाकडे, चपलांकडे, चष्म्याकडे बघत आल्या होत्या. “ह्याच्या वेळी. हा झाला आणि मला शुद्ध आली तेव्हा दोन टाके जास्त दिसले. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, मालकांना विचारा.”

“आता ते कशाला उकरायचं?” मालक म्हणाले.

“मी तुम्हाला नाही विचारलं. मला वाटलं, असेल काहीतरी. आणि मग तीन वर्षं मी वाट बघितली. दर महिन्याला. मला मुलगी हवी होती. दर महिन्याला रडायचे आणि तुम्ही ताकदीचं औषध आणून द्यायचात. लाल. म्हणायचात, अंगात रक्त कमी आहे, हे घे, होईल.”

आत्याबाई म्हणाल्या, “वहिनी, बाहेरच्यांसमोर—”

“तुम्हीही बाटल्या आणायचात, वन्सं. दोनदा.”

छोटे मालक आईकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना खिडकी सोडून दुसरीकडे बघावंसं वाटलं, आणि तिथे जे दिसलं त्यामुळे ते परत खिडकीकडे वळले. काही माणसांना आयुष्यात एकच खिडकी पुरते.

“डॉक्टर म्हणाले होते की दुसरं बाळंतपण झेपणार नाही,” मालक म्हणाले. “तुझ्या भल्यासाठीच—”

“तेच सांगायचं होतंत ना मग. एक वाक्य. पानात बसलं नसतं का?”

डॉक्टरांचा शेरा

मोठे डॉक्टर साडेबाराला आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तीन नंबरमध्ये गडबड आहे, म्हणून ते हसत आले. हे हसणं ते गडबडींसाठीच राखून ठेवत.

“काय तपासनीसबाई, आमचीही प्रूफं काढताय म्हणे? अहो, रूटीन असतं हे. तिसरं सिझेरियन धोक्याचं. जुना टाका उसवू शकतो.”

“हे खरं असेल. मला कधी सांगणार होतात?”

“घरच्यांना सविस्तर सांगितलंय.”

“दर तपासणीला मी तुमच्या समोरच होते, डॉक्टर. आडवी. शोधावं लागलं नसतं.”

डॉक्टरांचं हसू आवरतं झालं. “हे पाहा. पोटात पाणी कमी झालंय. दोनला थिएटर आहे, ते गेलं तर मी संध्याकाळपर्यंत शब्द देत नाही. बाळाचं काही झालं तर मग वेलांट्या मोजत बसा.”

हा घाव बरोबर बसला. तिचा हात पोटावर गेला. आत्याबाई टिपेला पोचल्या, “बघ, बघ, स्वतःच्या हट्टापायी लेकराच्या जिवाशी खेळतेय!” आणि छोटे मालक पलंगाजवळ येऊन कुजबुजले, “अगं, जाऊ दे ना. नंतर बोलू आपण.”

“नंतर बोलायला काय उरेल?” ती म्हणाली. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

भूल देणाऱ्या बाईंनी पोटावर यंत्र ठेवलं, घड्याळ बघितलं. “एकशे बेचाळीस. ठोके छान आहेत.” मग मोठ्या डॉक्टरांकडे न बघता, जणू हवामान सांगावं तसं, म्हणाल्या, “सर, कागद दुरुस्त करायला तीन मिनिटं लागतील. आणि पेशंटची सही नसलेल्या कागदावर मी सुई उचलणार नाही. नोकरीवरून काढलंत तरी. दोनपर्यंत दुसरं कुणी मिळत असेल तर बघा.”

मिळत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा बघून ते मालकांनाही कळलं.

“पेन,” तपासनीस म्हणाली.

कुणी हललं नाही. चौघांच्याही खिशात किंवा पिशवीत पेन होतं. छापखान्याची माणसं, पेनाशिवाय अंघोळीलाही जात नाहीत. शेवटी सासूबाईंनी नवऱ्याच्या शर्टाच्या वरच्या खिशातलं लाल पेन काढलं. मालकांनी हात वर नेला, पण तोवर पेन गेलं होतं.

“गैरसमज नको,” सासूबाई सुनेला म्हणाल्या. “तू मला आवडत नाहीस. कालही आवडत नव्हतीस.”

“माहीत आहे, आई.”

“लिही. कागद नीट धर. फळीला टेकव.”

तिनं ‘व कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया’ ह्या शब्दांवर सरळ रेघ ओढली आणि समासात वगळण्याची खूण केली. ‘अन्य प्रक्रिया’पुढे लिहिलं: मला विचारून. मी जागी आहे. ‘वरचे दूध’ खाली प्रश्नचिन्ह, आणि शेजारी: आधी आईला विचारा. ‘आमची हरकत नाही’मधल्या आमचीवर गोल. मग पानाच्या तळाशी, साक्षीदाराच्या फुलाफुलांच्या सहीखाली, मजकूर घुसवायची हंसपदाची खूण देऊन एक ओळ घातली: रुग्णाची सही व तारीख. आणि सही केली. शेवटी कोपऱ्यातली स्वतःची फुली खोडली.

मोठ्या डॉक्टरांनी कागद दोन बोटांत धरला. “खराब केलात कागद.”

“माझ्या फाइलला लावा,” भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या. “हाच.”

मालकांनी डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. सगळं रक्त डोक्यात गेलेलं असतानाही त्यांची नजर शाबूत होती. “हंसपद चुकीच्या जागी दिलंय,” ते म्हणाले. “ओळ तिथे नव्हती. वर मोकळी जागा सोडून होती.”

स्ट्रेचर आलं. आत्याबाईंनी डबा टॉवेलात परत गुंडाळला. छोटे मालक स्ट्रेचरच्या मागे दारापर्यंत गेले, दार लागलं, तरी तिथेच उभे राहिले. उभं राहण्यात त्यांचा हातखंडा होता.

अडीच वाजता मुलगी झाली. आधी पाय, मग सगळं, मग आवाज. मोठे डॉक्टर बाहेर येऊन मालकांना म्हणाले, “फक्त सिझेरियन केलंय,” अर्धं काम सोडून आलेल्या गवंड्याच्या स्वरात, आणि निघून गेले. सासूबाई आत गेल्या. मालक आणि त्यांची बहीण प्रशस्त व हवेशीर प्रतीक्षालयात बसून राहिले.

ज्या दुपारी छोट्या मालकांनी फॉर्मवर सही केली, त्याच दिवशी सकाळी तपासनीसनं मनाशी पक्कं केलं होतं की दोन मुलं पुरेत, आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही ह्याच वेळी होईल का हे डॉक्टरांना विचारायचं.